हिरडीवरची अक्षरं

माझी वहिनी दात करते. काढत नाही, करते. काढणारा डॉक्टर पुढच्या खोलीत पांढरा कोट घालून बसतो आणि हिची खोली मागे, जिन्याखाली. खिडकीपाशी लांब टेबल, त्यावर बारीक ज्योतीचा बर्नर, मेणाच्या गुलाबी पट्ट्या, प्लास्टरचा डबा, कोपऱ्यात पॉलिशचं चाक, आणि भिंतीवरच्या फळीवर ओळीने मांडलेले अर्ध्या गावाचे जबडे. पहिल्यांदा गेले तेव्हा मी दारातच थबकले.

"घाबरता काय, वन्सं?" वहिनी म्हणाली. "सगळी ओळखीची माणसं आहेत. हा पोस्टमन, हा तुमचा न्हावी, आणि ही वरच्या मजल्यावरची मास्तरीण. रस्त्यात कोणी हसलं की मी आधी माझं काम बघते, मग माणूस."

एरवी मला ती नावानं हाक मारते. 'वन्सं' आणि 'अहो-जाहो' फक्त फिरकी घ्यायची असली की. विनय हा गुण तिच्या वाटणीला आलेला नाही. आपलं काम चांगलं आहे हे ती स्वतःच सांगून टाकते, दुसऱ्याला शोधत बसायची तसदी नको म्हणून. सुरुवातीला मला याचा राग यायचा. मग तिचं काम बघितलं आणि राग धरायला जागाच उरली नाही.

मी लिहायला बसले आहे ती तिच्या दातांबद्दल नव्हे, अक्षरांबद्दल. पण ती अक्षरंही दातांसारखीच पांढरी आहेत आणि गुलाबी हिरडीवर उभी आहेत, त्यामुळे सुरुवात इथूनच करावी लागली.

आमच्या घरची भाषा बाहेर कोणी फारसं बोलत नाही. शाळेत, कचेरीत, दुकानांच्या पाट्यांवर सगळीकडे मोठी भाषा. आमची आपली उंबऱ्याच्या आतली. बाबा बसस्थानकावर गाड्या पुकारायचे, तेही मोठ्या भाषेत, आणि असे पुकारायचे की झोपलेला प्रवासी बॅग न घेताच उठून पळायचा. घरी आले की आईशी मात्र आमच्या भाषेत बोलायचे. आवाज तोच, बसस्थानकाचा. आई कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावायची. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं आणि मोठी भाषा तिला भाजी घेण्यापुरतीच येते. आमच्या भाषेला स्वतःची लिपी आहे हेसुद्धा आम्हा भावंडांना मोठेपणी कळलं.

वहिनी बाहेरची. लग्न होऊन आली तेव्हा तिला आमचा एक शब्द येत नव्हता. आई काही बोलली की ही मान डोलवायची, आणि आई जे बोलली होती ते बहुतेक वेळा मान डोलवण्यासारखं नसायचं. पण बाई हट्टी. जेवताना, भांडी घासताना, दिसेल त्याचं नाव विचारायची. एकदा माझी मावशी आली. वहिनीनं लगबगीनं खुर्ची पुढे ओढली, पदराने पुसली आणि अगदी लाडिकपणे म्हणाली, "लूमी, मावशी, लूमी."

आमच्या भाषेत 'लेमी' म्हणजे जवळ येऊन बस. 'लूमी' म्हणजे चालती हो.

मावशीनं पिशवी उचलली. आईचा चेहरा पडला. आणि बाबा असे हसले की समोरच्या बिऱ्हाडातली माणसं गॅलरीत आली. तेव्हापासून घरात कोणी लेमी म्हणेनासंच झालं. बाबा तर आईलासुद्धा चहा आणला की मुद्दाम, "लूमी गं, लूमी," असं म्हणत शेजारची जागा थोपटायचे. आई चिडायची आणि बसायची. हे इतकी वर्षं चाललं की वहिनीनंही शेवटी त्याचं दुकान मांडलं. नव्या पाहुण्यांना ती स्वतःच हा किस्सा सांगते, थोडं तिखटमीठ लावून.

लिपी आमच्या घरात आली ती माझ्या भाचीमुळे. वाचनालयाच्या मागच्या खोलीत रविवारी आमच्या भाषेचा वर्ग सुरू झाला होता. तिथल्या बाई मोठ्या मायेच्या. स्वतः पुठ्ठे कापून, रंगवून अक्षरांचे पत्ते केलेले. पण आमची लिपी जरा वेगळी आहे. मुळात आकार मोजकेच, मात्र प्रत्येक आकार वळतो. 'ल'चा आकार म्हणजे एक आकडा. त्याचं तोंड वर असलं तर 'ला', उजवीकडे वळलं तर 'ले', खाली गेलं तर 'लू', डावीकडे तर 'ली'. आकार तोच, नुसती दिशा बदलली की आवाज बदलतो. एवढी सोपी लिपी शोधून सापडणार नाही. पण पुठ्ठ्याचा चौकोनी पत्ता पोराच्या हातात गेला की त्याची वरची बाजू कुठली आणि खालची कुठली, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. पोरं पत्ता फिरवायची, मान फिरवायची, शेवटी स्वतःच पत्त्याभोवती फिरायची.

भाची एका रविवारी रडत घरी आली. तिनं वाचलं ते बरोबर होतं, पण पत्ता उलटा होता. "मग मी खोटं वाचलं का गं आई?" ती विचारत होती.

वहिनीनं तिचं नाक पुसलं आणि म्हणाली, "दात कधी उलटा बसतो का? का नाही बसत? हिरडी असते म्हणून." आणि तशीच उठून जिन्याखालच्या खोलीत गेली.

पहिला संच सपशेल फसला, हेही सांगितलं पाहिजे. तिच्या धंद्यात आधी ठसा उलटा घेतात आणि त्यातून सुलटं ओततात. तिनं बाईंच्या पत्त्यांवरून अक्षरं थेट प्लास्टरमध्ये कोरली, त्यात पांढरा माल ओतला, आणि बाहेर आली ती आरशातली अक्षरं. 'ले'चा झाला 'ली'. बाईंना पोट धरून हसू आलं. वहिनीनं तोंड वाकडं केलं, म्हणाली, "हे पहिलं माप होतं. पहिल्या मापाला कवळीसुद्धा टोचते." दुसऱ्या खेपेला तिनं आधी मेणात अक्षर उभं केलं, जसा ती दात उभा करते तसं. प्रत्येक पांढऱ्या अक्षराच्या खाली गुलाबी हिरडीची गुळगुळीत कड. डोळे मिटून हात फिरवला तरी बोटाला कळावं की जमीन इकडे आहे. पोरांनी त्याला लगेच नाव पाडलं, दाताची अक्षरं. बाईंनी आपले पुठ्ठ्याचे पत्ते स्वतःच्या हाताने कपाटात ठेवले आणि वहिनीला म्हणाल्या, "आता सगळी लिपी करून द्या, सोडणार नाही तुम्हाला." वहिनी म्हणाली, "मी आधीच सुरू केलंय."

त्याच सुमारास बाबांचा आवाज बसला.

आधी वाटलं थंडीमुळे. मग वाटलं वयामुळे. मग मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गळ्यात नळी घालून पाहिलं आणि आम्हाला समोर बसवून सांगितलं. गाठ आवाजाच्या पेटीवरच आहे. पेटी काढली तर माणूस राहील, पण बोलणं राहणार नाही. पुढेमागे यंत्र लावून काहींना बोलता येतं, पण ते पुढचं पुढे, आणि सगळ्यांना जमतंच असं नाही. बाबांनी घोगऱ्या आवाजात विचारलं, "ऐकू तर येईल ना?" डॉक्टर हो म्हणाले. "मग बरं. ही बोलते तेवढं दोघांना पुरेल," बाबा आईकडे बोट दाखवून म्हणाले.

घरी आल्यावर मात्र कोणी हसलं नाही. अडचण उघड होती. बाबांना मोठी भाषा लिहिता येत होती. दादाला, मला, डॉक्टरांना ते पाटीवर लिहून काहीही सांगू शकले असते. पण ज्या एका माणसाशी ते जन्मभर बोलले, तिला वाचता येत नव्हतं. आवाज गेला की बाबा जगाशी बोलू शकणार होते, फक्त आईशी नाही.

"दोघांनी आपली लिपी शिकायची," वहिनीनं ठरवून टाकलं. "थोडे तर आकार आहेत. पोरं शिकतात, तुम्हाला काय धाड भरली आहे?"

बाबा शिकले, आणि भराभर शिकले. जन्मभर पाट्या वाचून गाड्या पुकारलेला माणूस. त्यांच्यासाठी वहिनीनं वेगळं साधन केलं. खाटेवर मांडीवर ठेवता येईल असा गुलाबी तबकासारखा पाट, त्याच्या खालच्या काठाला जाड हिरडी, आणि वर गोल चकत्या बसवायची घरं. प्रत्येक चकतीवर एक आकार. चकती घरात ठेवायची आणि हवा तो स्वर येईपर्यंत फिरवायची. ती मध्येच तिरकी राहू नये म्हणून घराच्या कडेला तार लावलेली. अर्धी कवळी शेजारच्या दाताला धरून बसावी म्हणून जी वाकडी तार लावतात, तीच. चकती वळली की चारही दिशांना 'खट्' करून अडकायची. मीही संध्याकाळी बाबांच्या शेजारी बसून शिकले. त्यांचा हात माझ्यापेक्षा कितीतरी जलद चालायचा.

आई मात्र त्या खोलीत यायचीच नाही.

वहिनीनं गोड बोलून पाहिलं, दादानं समजावलं, मी तर भांडलेच. आईचं एकच. "ते बोलतायत ना अजून? मग मी कशाला वाचू?" पाट समोर आणला की ती उठून ओटा पुसायला लागायची. आमचा ओटा त्या दिवसांत आरशासारखा झाला होता. मला संताप यायचा. वाटायचं, या बाईला कळत कसं नाही? कळत होतं तिला. आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. अक्षर शिकणं म्हणजे आवाज जाणार हे कबूल करणं होतं, आणि ते तिला करायचं नव्हतं.

एकदाच ती बोलली, माझ्याकडे पाठ करून. "वाचायचं म्हटलं तर समोर बसावं लागतं. मी इथे चुलीपाशी असले, तर मला हाक कोण मारणार?" मी वहिनीला सांगितलं. तिनं हातातलं काम खाली ठेवलं, आणि वहिनीनं काम खाली ठेवलं की मला धास्ती वाटते.

दुसऱ्या दिवशी वहिनी घमेलंभर दाताची अक्षरं आणि पॉलिशचा कागद घेऊन आईपुढे बसली. "आई, माझं एक काम करा. वर्गासाठी नवा संच केलाय, सगळ्यांच्या कडा खरखरीत राहिल्यात. पोरांच्या बोटांना लागतील. तुमच्याइतका बारीक हात दुसरा कोणाचा आहे?"

"हे शिकवायचं निमित्त असेल तर आत्ताच उचल," आई म्हणाली.

"शिकवतंय कोण? फक्त वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा, मिसळू नका. मिसळली की मला त्रास."

आई हातात कागद घेऊन बसली. कारखान्यात आयुष्य गेलेली बाई, बोटांनी बटणाची उलटी-सुलटी बाजू ओळखायची. "ही बटणं कुठल्या वाटीत?" ती विचारायची. "ज्याचं तोंड उजवीकडे, ते 'ले'. त्या वाटीत," वहिनी भाजी निवडता निवडता सांगायची, वर न बघता. रोज दुपारी हेच. आई चष्मा न लावता घासायची, गप्पा मारायची, शेजारणीची उणीदुणी काढायची, आणि बोटं आपली हिरडी चाचपून अक्षर योग्य वाटीत टाकत राहायची. आई एकदा वैतागून म्हणाली, "अगं, हे 'पू' तू 'पी'च्या वाटीत टाकलंस, लक्ष कुठाय तुझं?" वहिनीनं लगेच चूक कबूल केली. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. ही बाई चूक कबूल करणाऱ्यातली नव्हे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाबांनी आईला काय सांगितलं, ते मला माहीत नाही. दार लोटलेलं होतं. आम्ही सगळे बाहेर होतो आणि आत तो घोगरा आवाज बराच वेळ चालू होता.

ऑपरेशन नीट झालं. बाबांना वॉर्डात आणल्यावर आम्ही दुपारी भेटायला गेलो. मानेला पट्टी, नाकात नळी, गळ्याच्या खळगीतून श्वास. बाबा मला लहान दिसले. आई खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली, पिशवी दोन्ही हातांनी धरून. स्टूल शेजारीच होतं. नर्स म्हणाली बसा, दादा म्हणाला बस, आई बसेना. ती भराभर बोलत होती, नळाचं पाणी गेलं, दुधवाला उशिरा आला, अमक्याचा फोन आला. बाबांकडे सोडून सगळीकडे बघत होती.

बाबांनी बोट हलवलं. वहिनीनं पाट त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला. बाबांनी चकती उचलली, घरात ठेवली, फिरवली. खट्. दुसरी ठेवली. खट्. खट्. मग पाट आईच्या दिशेनं ढकलला, हिरडी तिच्या बाजूला येईल असा वळवून.

मी वाकून वाचलं. 'लूमी' लिहिलं होतं. चालती हो.

मला वाटलं गुंगीत हात चुकला. आता आईला काय सांगायचं? तिला वाचता येत नाही तेच बरं, आपण काहीतरी दुसरंच सांगू, असं माझ्या मनात आलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात वहिनीनं माझं मनगट घट्ट धरलं.

आईचं बोलणं थांबलं होतं. तिनं पिशवी खाली ठेवली. चष्मा लावला नाही. पुढे येऊन पाटाच्या काठावर बोट ठेवलं, हिरडी चाचपली, मग पहिल्या चकतीवरून बोट फिरवलं, मग दुसऱ्या. पुन्हा पहिल्या. आणि एकदम उसळली.

"इतकी वर्षं तोंडानं हाकललंत ते कमी झालं? आता लिहून पण हाकलणार मला?"

सगळा वॉर्ड बघायला लागला. आईनं पहिली चकती चिमटीत धरली आणि एका दिशेनं मागे वळवली. खट्. 'लेमी.' मग स्टूल ओढलं, बाबांच्या उशाशी लावलं आणि बसली. बाबा हसत होते. आवाज नव्हता, पण खांदे तसेच हलत होते, मावशीनं पिशवी उचलली होती त्या दिवशी हलले होते तसे. ते अक्षर बाबांचं कधीच चुकलेलं नव्हतं. आईनं त्यांचा हात धरला आणि मग ती रडली, इतके दिवस न रडलेलं सगळं.

दादा आणि मी बाहेर येऊन रडलो. वहिनी जिन्यात उभी राहून नाक शिंकरत होती.

"घासून घासून शिकली ती," मी म्हणाले. "वहिनी, कडा इतक्या खरखरीत कशा राहिल्या गं त्या संचाला?"

"राहतील कशा? पॉलिशचं चाक कशाला ठेवलंय मी?" वहिनी म्हणाली. "आधी चाकावर गुळगुळीत केली, मग हातानं खरखरीत केली. वन्सं, माझ्या कामाला नावं ठेवायची नाहीत."

मी तिला तिथेच, दवाखान्याच्या जिन्यात, घट्ट मिठी मारली. अशी माणसं फार नसतात. आमच्या घरात एक आली, आणि आली ती मावशीला चालती हो म्हणत.

बाबा घरी आले. पुढच्या खोलीत आरामखुर्चीत बसतात, मांडीवर पाट. दोघं दुपारभर भांडतात, आई तोंडानं आणि बाबा चकत्यांनी. आई वाचता वाचता त्यांची शुद्धलेखनाची चूक काढते, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघण्यासारखा असतो. परवा मी आणि वहिनी स्वयंपाकघरात आईला मदत करत होतो. फोडणी तडतडत होती. बाहेरून आवाज आला. खट्. खट्. खट्. बाबा रिकामीच चकती गोल फिरवत होते, लिहायला नव्हे.

मी वहिनीकडे बघितलं. म्हटलं आता म्हणेल, हेही मी आधीच योजलं होतं. तिनं मान हलवली. "तार मी चकती हलू नये म्हणून लावली होती," ती हळूच म्हणाली. "हे माझं नाही. हे त्यांचं त्यांनीच केलं."

आईनं गॅस बारीक केला, पदराला हात पुसले.

"आले हो, आले," ती ओरडली. "कानठळ्या बसवू नका, ऐकू आलं."